ताई ओचे यंग हाऊ मंदिर : मेट्रो, बस आणि गावातली पायवाट

हाँगकाँगमधील ताओ या चिनी धर्मपरंपरेचे मंदिर म्हटले की बहुतेक प्रवासी वाँग ताई सिन मंदिर पाहून येतात, कारण मेट्रोच्या स्थानकातून बाहेर पडले की ते समोरच असते. त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांना एखाद्या गावाने आपल्या देवासाठी बांधलेले, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले आणि आजही गावाच्या रोजच्या व्यवहारात असलेले मंदिर पाहायचे आहे, त्यांनी लांताऊ बेटाच्या पश्चिम टोकावरील ताई ओ या मच्छीमारांच्या गावी जावे. तेथील यंग हाऊ मंदिर मेट्रो, बस आणि पायी चालणे एवढ्या तीन टप्प्यांत गाठता येते. मध्ये कोठेही टॅक्सी करण्याची किंवा सहल कंपनीचे तिकीट काढण्याची गरज पडत नाही. प्रथमच जाणाऱ्यांना हा प्रवास बिनचूक करता यावा, यासाठी हे टिपण आहे.

देव कोणता, हे आधी

मंदिरातील देवाला स्थानिक लोक हाऊ वाँग म्हणतात. परंपरेनुसार हा देव म्हणजे चीनच्या सुंग राजवटीचा निष्ठावंत सेनापती यंग लिऊंग चित. मंगोल फौजांनी १२७६ मध्ये सुंगांची राजधानी घेतल्यावर दोन राजपुत्रांना दक्षिणेच्या किनाऱ्याकडे पळवून आणण्यात आले. त्या काळात ज्यांनी या मुलांची पाठराखण केली, त्यांत यंगचे नाव सांगितले जाते. पुढे १२७९ मध्ये याइमेनच्या आरमारी लढाईत सुंग राजवट संपली. राजाला वाचवता आले नाही, तरी स्वामिनिष्ठेमुळे सेनापतीचा देव झाला, आणि हाँगकाँगच्या अनेक गावांत त्याची मंदिरे उभी राहिली. हौतात्म्य पत्करलेल्या वीराचे गावाच्या वेशीवर ठाणे बसते, ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मंदिरातील लोखंडी घंटा कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीच्या ३८व्या वर्षी, म्हणजे १६९९ मध्ये ओतलेली आहे. तिच्यावरील कोरीव मजकुरामुळे मंदिर त्या सालापेक्षा अर्वाचीन नाही, एवढे निश्चित म्हणता येते. ऑक्टोबर २०१७ मध्ये हाँगकाँग सरकारने या वास्तूला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. ‘ताओ मंदिर’ या शब्दावरून मात्र एखाद्या मठाची किंवा ग्रंथ अभ्यासणाऱ्या साधूंची अपेक्षा ठेवू नये. दक्षिण चीनमधील गावांत ताओ परंपरा, पूर्वजपूजा आणि स्थानिक लोकदैवते एकमेकांत मिसळून गेलेली आहेत. रोजची दिवाबत्ती पाहणारा राखणदार हा आपल्याकडच्या गुरवासारखा असतो, आणि ताओ पुरोहित मोठ्या विधींपुरते बोलावले जातात.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्रधारकांना हाँगकाँगमध्ये १४ दिवसांपर्यंत राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. मात्र प्रवासापूर्वी हाँगकाँगच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करून तिची छापील सूचना जवळ ठेवावी लागते. ही नोंदणी निःशुल्क आहे. हाँगकाँगला केवळ विमान बदलण्यासाठी उतरणाऱ्यांनी, मधल्या सहा-सात तासांत ताई ओला जाऊन यायचे मनात असेल तर, ही नोंदणी आधीच केलेली असावी. तिच्याशिवाय विमानतळाबाहेर पडता येणार नाही.

दुसरी तयारी म्हणजे ऑक्टोपस कार्ड. विमानतळावर किंवा कोणत्याही मेट्रो स्थानकात ते मिळते. मेट्रो, बस, फेरी आणि बहुतेक दुकाने या एका कार्डावर चालतात. बसमध्ये रोख पैसे पेटीत टाकता येतात, पण उरलेले सुट्टे परत मिळत नाहीत, त्यामुळे कार्ड नसेल तर तुम्हीच नुकसानीत जाता. गावातील लहान विक्रेत्यांसाठी आणि मंदिरातील दानपेटीसाठी थोडी रोकड मात्र वेगळी ठेवावी.

तिसरी गोष्ट दिवसाची निवड, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. सोमवार ते शुक्रवार यांपैकी दिवस घ्यावा. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला लांताऊच्या बसचे भाडे जास्त असते, ही तक्रार किरकोळ आहे. खरी अडचण म्हणजे त्या दिवशी अर्धे शहर ताई ओच्या गल्ल्यांत लोटते. पहिल्या खेपेला मी रविवारी दुपारी गेलो आणि परतीच्या रांगेत एवढा वेळ उभा राहिलो की मंदिरात घालवलेला वेळ त्यापुढे तोकडा ठरला. चूक माझीच होती. पुढच्या वेळी मंगळवारी सकाळी गेलो, तेव्हा मंदिराच्या अंगणात माझ्याशिवाय एक म्हातारी बाई आणि एक मांजर एवढेच होते.

हवामानाचा विचार करता नोव्हेंबर ते मार्च हे महिने चालण्यासाठी सुखाचे आहेत. उन्हाळा आणि पावसाळा तेथे एकत्रच येतात आणि त्याच काळात वादळे येतात. ८ क्रमांकाचा वादळी बावटा लागला की फेरीबोटी बंद होतात आणि बसही आवरत्या घेतल्या जातात. ताई ओ समुद्राच्या पातळीवरच वसलेले असल्याने २०१७ आणि २०१८ च्या मोठ्या वादळांत गावात पाणी शिरले होते. बावट्याची बातमी असेल तर त्या दिवशीचा बेत रद्द करावा.

पहिला टप्पा : तुंग चुंगपर्यंत

शहरातून येणाऱ्यांनी मेट्रोची तुंग चुंग लाइन धरून शेवटच्या स्थानकापर्यंत, म्हणजे तुंग चुंगपर्यंत यावे. हाँगकाँग स्थानकातून अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. कौलूनमध्ये चुन वान लाइनवर राहणाऱ्यांनी लाई किंग येथे गाडी बदलावी. याच मार्गाला समांतर धावणारी एअरपोर्ट एक्सप्रेस वेगळी आणि बरीच महाग आहे. नवखे प्रवासी हाँगकाँग स्थानकात चुकून तिच्या फलाटाकडे वळतात, म्हणून फलक पाहूनच जिना उतरावा. विमानतळावरून थेट यायचे असल्यास एस१ क्रमांकाची बस तुंग चुंग स्थानकाशी आणून सोडते. मोठ्या बॅगा विमानतळावरच सामानघरात ठेवाव्यात. गावातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की चाकांची बॅग घेऊन चालणारा माणूस सर्वांचीच वाट अडवतो.

दुसरा टप्पा : ११ क्रमांकाची बस

तुंग चुंग स्थानकाच्या बी दरवाजाने बाहेर पडल्यावर बस टर्मिनस चालत काही मिनिटांवर आहे. तेथे ताई ओची ११ क्रमांकाची आणि न्गाँग पिंगच्या भव्य बुद्धमूर्तीकडे जाणारी २३ क्रमांकाची, अशा दोन्ही बस सुटतात. सकाळी २३ ची रांग लांबलचक असते आणि ती पाहून पुष्कळ लोक आपोआप तिच्यातच उभे राहतात. तेव्हा क्रमांक वाचून, रांगेच्या तोंडाशी जाऊन खात्री करावी. बसमध्ये चढताना कार्ड यंत्रावर एकदा टेकवायचे असते.

प्रवास सुमारे ५० मिनिटांचा आहे. बस प्रथम डोंगर चढून बेटाच्या दक्षिण बाजूला उतरते आणि मग किनाऱ्याच्या कडेने पश्चिमेकडे जाते. वळणे घाटातल्यासारखीच आहेत, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनी पोटभर खाऊन बसू नये. जाताना डाव्या हाताची खिडकी मिळाली तर चाँग शाचा लांब वाळूकिनारा दिसतो. पुढे बस शेक पिक धरणाच्या भिंतीवरून जाते, तेव्हा उजवीकडे जलाशय आणि त्याच्या मागे डोंगरमाथ्यावर बसलेली बुद्धमूर्ती नजरेस पडते. रस्त्यात गायी किंवा म्हशी आडव्या आल्या तर चालक निमूट थांबतो. शेती सुटल्यावर मोकळी झालेली ही जनावरे बेटाच्या दक्षिण भागात मुक्तपणे फिरतात. ताई ओ हा शेवटचा थांबा असल्याने उतरण्याची चिंता करायला नको.

जलमार्गही आहे. तुन मुन येथून तुंग चुंगमार्गे ताई ओला येणारी फेरी विमानतळाच्या कडेने जाते आणि समुद्रातून गावाचे पहिले दर्शन घडवते. परंतु तिच्या खेपा थोड्या आहेत. वेळापत्रक हाती असल्याशिवाय तिच्यावर अवलंबून राहू नये. आधी बुद्धमूर्ती पाहून येणाऱ्यांसाठी न्गाँग पिंगहून २१ क्रमांकाची बस ताई ओला येते, आणि तिच्याही खेपा विरळच आहेत.

तिसरा टप्पा : गावातून चालत

बसथांब्यापासून मंदिरापर्यंत रमतगमत चालले तर वीसेक मिनिटे लागतात. हा टप्पा उरकून टाकण्याचा नाही, कारण या देवाचे भक्त कोण, ते याच वाटेवर कळते. थांब्यावरून विंग ऑन स्ट्रीटने पुढे गेले की खाडीवरचा उचलता पूल येतो. १९९६ मध्ये तो होईपर्यंत लोक दोराने ओढल्या जाणाऱ्या सपाट होडीतून खाडी ओलांडत असत, आणि ती होडी गावातल्या स्त्रिया ओढत. पुलावर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहिले की खांबांवर उभी असलेली घरे दिसतात. ती तान्का समाजाची, म्हणजे मुळात होडीतच जन्म काढणाऱ्या मच्छीमारांची घरे आहेत. २००० साली लागलेल्या आगीत यांतील बरीच घरे जळाली आणि पुन्हा उभारली गेली.

पूल ओलांडल्यावर उजवीकडे वळून कात हिंग स्ट्रीट धरावा. डावीकडची वाट शेक चाई पो वस्तीकडे आणि जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीतल्या हॉटेलाकडे जाते. ती परतताना वेळ उरला तर पाहावी. कात हिंग स्ट्रीट म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांमधली बोळ आहे. दारे उघडी असतात, आत कोणी सोंगट्यांचा माजाँग खेळत असते, कोणी जेवत असते. अशा वेळी आत डोकावून छायाचित्र घेऊ नये. आपल्या ओटीवर कोणी कॅमेरा रोखला तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांना वाटते. जवळच मागच्या गल्लीत क्वान ताई या युद्धदेवाचे मंदिर आहे. ते मिंग काळातले, म्हणजे यंग हाऊ मंदिराहूनही जुने असल्याचे सांगितले जाते. वेळ असेल तर पाच मिनिटे तेथे थांबावे.

या वाटेवर एक वास सतत सोबत करतो. कोकणातल्या वाचकाला तो डोळे मिटूनही ओळखता येईल. ताई ओची प्रसिद्ध कोळंबीची चटणी ज्या बारीक कोळंबीपासून करतात, ती आपल्या जवळ्याच्याच कुळातली आहे. ती मिठासोबत वाटून, बांबूच्या मोठ्या गोल पाट्यांवर पसरून उन्हात वाळवतात. २०१२ च्या अखेरीस हाँगकाँगच्या पाण्यात ट्रॉलर मासेमारीवर बंदी आली, तेव्हापासून या धंद्यासाठी कोळंबी बाहेरून आणावी लागते. वाळवण मात्र गावातच चालते.

बोळ संपते तेथे सन की पूल लागतो. तो ओलांडून वस्तीच्या कडेने सरळ चालत राहिले की घरे विरळ होतात, खाडीचे मुख रुंदावते आणि समोर पो च्यू ताम येथे, डोंगराला पाठ देऊन पाण्याकडे तोंड केलेले मंदिर दिसते. वाटेत फलक आहेत. वाट चुकल्यासारखे वाटले, तर कोणालाही ‘हाऊ वाँग म्यू’ एवढे विचारावे. ‘म्यू’ म्हणजे मंदिर. उत्तर हाताच्या खुणेने मिळते, आणि त्यावर ‘म-गोई’ म्हणजे ‘आभारी आहे’ म्हटले की काम झाले.

मंदिरात

आत जाण्याआधी अंगणातून छपराकडे पाहावे. आढ्यावरच्या मातीच्या मूर्ती क्वांगतुंग प्रांतातील शीवान येथील भट्ट्यांच्या परंपरेतल्या आहेत. त्यांत नाटकातल्यासारखी पात्रे, मासे आणि मण्यासाठी झुंजणारे ड्रॅगन दिसतात. आत दोन दालने एकामागे एक आहेत. आपल्याकडचा सभामंडप आणि गाभारा मनात आणले तर रचना लगेच उलगडते, फरक एवढाच की येथे गाभाऱ्याला वेगळे दार नाही आणि देवासमोर कोणालाही उभे राहता येते.

मराठी भाविकाच्या हातून सवयीने होणाऱ्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात, म्हणून त्या येथे विस्ताराने सांगतो. पहिली गोष्ट चपलांची. त्या काढायच्या नसतात. दारात चपला काढून अनवाणी उभा राहणारा पाहुणा राखणदाराला कोड्यात टाकतो. उंबरठ्यावर मात्र पाय द्यायचा नाही, तो ओलांडूनच आत जायचे. दुसरी गोष्ट घंटेची. आत शिरताच घंटा वाजवण्यासाठी आपला हात आपोआप वर जातो. येथे तसे करू नये. १६९९ ची घंटा ही ऐतिहासिक ठेव आहे, आणि विधीतला घंटा-ढोल वाजवण्याचे काम राखणदाराचे असते. तिसरी गोष्ट प्रदक्षिणेची. मूर्तीभोवती फिरण्याची येथे पद्धत नाही. ताओ मंदिरांत साधारणपणे आपल्या उजव्या हाताच्या, म्हणजे ड्रॅगनच्या बाजूने आत जातात आणि डाव्या, म्हणजे वाघाच्या बाजूने बाहेर पडतात. दारे एकच असतील तरी चालण्याची दिशा तीच ठेवावी.

पूजा करायची असल्यास तीन उदबत्त्या पेटवून, दोन्ही हातांनी कपाळाच्या उंचीपर्यंत धरून, तीनदा वाकून त्या पात्रात रोवतात. ज्योत फुंकरीने विझवत नाहीत, हात हलवून विझवतात, हे आपल्याला नवीन नाही. दानपेटीत टाकायच्या पैशाला कँटनीज भाषेत ‘उदबत्ती-तेलाचे पैसे’ अशा अर्थाचा शब्द आहे; आपण देवाच्या तेलवातीसाठी म्हणून देतो, तसेच. रक्कम किती असावी, याची सक्ती कोठेच नाही. उदबत्ती न लावता नुसते हात जोडून उभे राहिले तरी कोणी विचारत नाही.

या भागातल्या मंदिरांत कौल घेण्याची पद्धत आहे, आणि ती समजून घेतली तर बरेच काही ओळखीचे वाटते. गुडघे टेकून, मनात प्रश्न धरून बांबूच्या नळीतल्या क्रमांकित काड्या हलवतात; एक काडी आपोआप बाहेर पडते. ती देवाला मान्य आहे का, हे पाहण्यासाठी अर्धचंद्राकृती दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकतात. एकाची सपाट आणि दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली तर होकार. कोकणात देवाला कळ्या-पाकळ्या लावून उजवा-डावा कौल घेतात, त्याहून हे वेगळे ते कितीसे? गंमत म्हणून काड्या हलवू नयेत, एवढे पथ्य पाळावे.

जाण्यापूर्वी देवळात ठेवलेली व्हेलची आणि शार्कची हाडे पाहण्यास विसरू नये. ती मच्छीमारांनी आणून देवाच्या ठायी ठेवलेली आहेत. पितळी वस्तू, झेंडे, कोरीव फळ्या यांच्या शेजारी काळपटलेले ते हाड पाहिले की या देवाचा संबंध कशाशी आहे ते एका क्षणात कळते: सेनापती राजाचा होता, पण देव झाला तो समुद्रावर जाणाऱ्यांचा. छायाचित्रांबाबत आतल्या फलकाप्रमाणे वागावे आणि कोणी पूजा करत असेल तर कॅमेरा खाली घ्यावा. मंदिर दुपारनंतर लवकर बंद होऊ शकते, तेव्हा सकाळी पोहोचणेच चांगले.

उत्सवाच्या दिवशी जायचे असेल तर

गर्दी सोसण्याची तयारी असेल त्यांच्यासाठी वर्षात दोन प्रसंग आहेत. चिनी पाचव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी ताई ओचे मच्छीमार संघ ड्रॅगन होड्या घेऊन यंग हाऊ, तिन हाऊ, क्वान ताई आणि हुंग शिंग या चार मंदिरांत जातात आणि तेथून देवांच्या लहान मूर्ती आणतात. पाचव्या दिवशी त्या मूर्ती एका छोट्या होडीत बसवून, ड्रॅगन होडीमागे बांधून खाडीच्या पाण्यातून फिरवतात. वाटेतल्या घरांतून लोक उदबत्त्या आणि कागदी नैवेद्य जाळून पाण्यातल्या भटक्या आत्म्यांची शांती करतात. पालखी खांद्याऐवजी पाण्यावरून निघते, एवढाच फरक. शंभरहून अधिक वर्षे चाललेल्या या प्रथेची २०११ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत नोंद झाली. दुसरा प्रसंग हाऊ वाँगच्या जन्मोत्सवाचा, सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवसाच्या सुमारास. तेव्हा बांबूच्या मांडवात कँटनीज संगीत नाटके होतात. ती देवासाठी असतात, माणसे सोबतीने पाहतात. दशावतार ज्यांनी जत्रेत पाहिला आहे, त्यांनी बसण्याची जागा आपोआप देवाच्या बाजूला शोधावी.

तारखा दरवर्षी बदलतात, पण पंचांग हाताशी असलेल्याला अंदाज बांधता येतो. चिनी महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो, आणि पाचवा महिना बहुतेक वर्षी आपल्या ज्येष्ठाशी जुळतो. म्हणून होड्यांचा दिवस ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या आसपास येतो. २०२५ मध्ये तो ३१ मे रोजी होता, तेव्हा आपल्याकडे ज्येष्ठ शुद्ध पंचमीच होती. मात्र अधिक महिना दोन्ही पंचांगांत नेहमी एकाच जागी पडत नाही, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी हाँगकाँगच्या सुट्ट्यांची यादी पाहावीच. आणखी एक सावधगिरी : तुंग चुंगमध्येही हाऊ वाँगचे मंदिर आहे, त्यातील घंटा १७६५ ची आहे, पण तेथला उत्सव आठव्या महिन्यात असतो. नाव सारखे असल्याने माहितीची सरमिसळ होते.

जेवण आणि परतीचा प्रवास

शाकाहारी व्यक्तीला ताई ओत उपाशी राहावे लागत नाही, पण निवड थोडी असते. तांदळाच्या पिठाची वाफवलेली ‘चा क्वो’ गोड सारणाचीही मिळते. तिखट-मिठाच्या सारणात वाळवलेली कोळंबी किंवा डुकराचे मांस असते, तेव्हा विचारून घ्यावे. पोटभर शाकाहारी जेवण हवे असेल तर न्गाँग पिंगच्या पो लिन मठात ते मिळते आणि २१ क्रमांकाची बस तेथे जाते. वाळवलेली मासळी विकत घेणाऱ्यांनी ती दुकानदाराकडून दोनदा आवेष्टित करून घ्यावी. बसमधल्या सहप्रवाशांचा विचार तर आहेच, शिवाय परत भारतात आणताना विमान कंपनीचे आणि सीमाशुल्काचे नियम आड येऊ शकतात.

परतीची बस उतरलो त्याच थांब्यावरून मिळते. आठवड्याच्या दिवशी फारशी वाट पाहावी लागत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत रांगेत उभे राहावे, कारण चारनंतर रांग वळणावळणाने वाढत जाते. लांताऊवरच्या टॅक्सी निळ्या रंगाच्या असतात आणि त्या मोजक्याच आहेत, म्हणून ऐनवेळी टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नये. परतताना उजव्या खिडकीशी बसावे. येताना डावीकडे होता तो समुद्र आता त्या बाजूला येतो, आणि ऊन उतरत आले असेल तर चाँग शाच्या वाळूवर म्हशींच्या लांबलेल्या सावल्याही दिसतात.